कोटाच्या खिशातलं विष

हॉलच्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि आत टेबलावर बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत पाणी, आणि पाण्यात तपकिरी, लिबलिबीत दोरीसारखं काहीतरी. लोक नाकाला रुमाल लावत, तोंडं वाकडी करत आणि पुन्हा बघत. माझी थोरली बहीण पहिल्या रांगेत मानानं बसली होती, कारण तिसरी बरणी तिची होती.

"या वळ्या बघा!" पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी बरणीवर टकटक केली. स्वतःला ते शोधनाचार्य म्हणवत, मी त्यांना आतडेगुरू म्हणतो. "हा आतड्याचा ठसा! तीस वर्षं चिकटलेलं विष! कशाचं? गोळ्यांचं! गोळीचा थर बसतो, थरानं रोग होतो, रोगावर पुन्हा गोळी! म्हणून आधी गोळ्या बंद, मग माझं बावीस वनौषधींचं चूर्ण सुरू. चौथ्या दिवशी विष बाहेर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं मात्र डोकं तापलं, कारण ताईनं दीड महिन्यापूर्वी थायरॉईडची गोळी खरोखरच बंद केली होती.

आमची लॉन्ड्री आहे. तिथला एकच कायदा, आणि तोही ताईचा: कपडा पाण्यात जाण्याआधी खिसा उलटा. तिच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नसे. ती ताई आता सुजलेल्या चेहऱ्यानं, गरम इस्त्रीशेजारी स्वेटर घालून पेंगायची. परवा एक शर्ट जाळला. उद्या हात जाळून घेईल, ही माझी भीती.

"ताई, गोळी घे गं."

"माझ्या पोटातून पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. ते खोटं, आणि तुझं तेवढं खरं?"

दोरी तिच्याच पोटातून पडली होती, हे मलाही नाकारता येईना.

उत्तर आमच्याच टबात तरंगत आलं. गुरूंचा कोट धुवायला आला होता. ताईनं तो मोठ्या भक्तीनं स्वतः भिजत घातला. दुपारी तिची किंकाळी ऐकू आली.

कोटाच्या आतल्या अरुंद खिशातून वीतभर लांबीचं, तपकिरी, लिबलिबीत काहीतरी बाहेर डोकावत होतं. थेट तिसऱ्या बरणीतलं विष! ताईनं ते ओढून काढलं, उलटंपालटं केलं आणि उजेडात धरलं.

"यावर टीप उमटलीय," ती हळूच म्हणाली. "खिशाच्या शिवणीची." खिशात चूर्णाची फाटकी कागदी पुडीही सापडली.

मी उड्या मारायच्या बेतात होतो, पण ताई स्टुलावर बसून रडायला लागली. "मी खिसा बघितला नाही रे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला झालंय तरी काय?"

मी लॉन्ड्रीला कुलूप लावलं आणि तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी ताईला तपासलं, रक्त घेतलं, गोळी पुन्हा लिहून दिली आणि मग ते विष बोटांत चोळून पाहिलं.

"इसबगोलाचा भुसा आहे, वर चिकणमाती. भुसा पाणी पितो आणि फुगतो, माती त्याला घट्ट करते. आतड्यात आतड्याचा आकार, खिशात खिशाचा. तुमच्या पोटातून जे पडलं ते त्यांचं चूर्णच होतं."

"म्हणजे भुसा वाईट?" मी विचारलं.

"छे! नुसता भुसा चांगला. भाज्या, डाळी, सालासकट फळं, सगळ्यांत असाच चोथा असतो. तो पचत नाही, म्हणूनच उपयोगी. पोट साफ ठेवतो, साखर हळू चढू देतो. फक्त भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा. आणि थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, भुसा काही तासांनी. एकत्र घेतले तर गोळी अंगाला नीट लागत नाही. विष काढायला मात्र आतड्याला कुणी गुरू लागत नाही."

पुढच्या सभेला ताई हॉलमध्ये गेली. गुरूंचं भाषण सुरू होतं. तिनं त्यांच्याच डब्यातलं चूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळलं आणि गुपचूप बसली. गुरू तीस वर्षांच्या विषापर्यंत पोचले, तशी ती उठली आणि तिनं ग्लास उपडा केला. थेंबही सांडला नाही. बूड थोपटल्यावर ग्लासाच्या आकाराचा गोळा टेबलावर पडला, तळाच्या नक्षीतल्या फुलासकट.

"गुरुजी, या ग्लासानं कुठल्या गोळ्या खाल्ल्या होत्या?"

"ग्लासातही सूक्ष्म विष असतं!" गुरू गरजले.

"आणि तुमच्या कोटात?" ताईनं शिवणीची टीप उमटलेला तो तुकडा वर धरला.

आधी एक आजोबा हसले, मग सगळा हॉल. हशा थांबला तेव्हा गुरू मागच्या दारानं पसार झाले होते. बरण्या मागेच राहिल्या.

गोळी अंगी लागायला काही आठवडे गेले. आता ताईचा स्वेटर कपाटात आहे आणि तिचा आवाज पुन्हा दुकानभर. गुरूंचा कोट अजून आमच्याकडेच टांगलाय, कडक इस्त्रीचा, आतला खिसा उलटा करून. कुणी नवा चमत्कार सांगत आलं की ताई त्या खिशाकडे बोट दाखवते.

"मान डोलवायची तर डोलवा," ती म्हणते, "पण आधी खिसा तपासा. आणि कुणी डॉक्टरची गोळी बंद करायला सांगितली, तर दोनदा तपासा."