हारासकट आत जाता येईल एवढं दार

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो.

खोडा. पुन्हा लिहा.

मी एक जुनी टाकी आहे. विमान व्हायला लावलेली. बिरवाडीच्या माळावर, कारखान्यांच्या धुराकडे तोंड करून उभी असते. मला दोन पंख आहेत, पण ते पत्र्याचे आहेत आणि त्यांवर कावळे बसतात. चाकं नाहीत, सिमेंटचे ठोकळे आहेत. मी कधीच उडाले नाही. माझं काम एकच, पेटायचं आणि विझायचं.

सांगायला लाज वाटते. उडाले नाही याची नव्हे. माझी लाज माझ्या दारात आहे. तिथपर्यंत जरा दमानं जाऊ.

पोट

आधी माझ्या पोटात रसायन असायचं. कारखाना बंद पडला आणि मला दासगावच्या भंगारवाल्याकडे टाकलं. एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढलं, तेव्हा मी तरंगत रस्त्यापर्यंत गेले होते. प्रवास म्हणायचा तर तेवढाच.

मग दत्तोपंत आले. मूळचे महाडचे, मोठ्या विमानतळाच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांनी बिरवाडीजवळ एक लहानशी शाळा काढली होती. विमानाला आग लागली तर आतली माणसं बाहेर कशी काढायची, ते शिकवणारी शाळा. शिकायला खरं विमान कुठून आणणार? त्यांनी मला बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "हिला पंख लावा."

वेल्डर मुरारीनं पंख लावले, शेपूट लावली, खिडक्या कापल्या, आत एसटीची जुनी बाकं बसवली. आणि माझ्या कुशीत एक अरुंद दार कापलं. पंधरा-वीस माणसांच्या लहान विमानाला असतं तसं, अगदी मापात. त्या दिवशी मला वाटलं, आपण आता टाकी राहिलो नाही.

दार

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दत्तोपंत घाईघाईनं आले.

"मुरारी, प्रमुख पाहुण्यांना विमानात बसून फोटो काढायचाय. आणि ते अंगानं भरलेले आहेत."

"बसतील की सर. तिरपे होऊन जातील."

"तिरपे? पाहुणे? दार काप."

"किती कापू?"

"हारासकट आत जाता येईल एवढं. समारंभ झाला की पत्रे परत लावू."

मुरारीनं दार कापलं. पाहुणे हारासकट आत गेले, बाकावर बसले, खिडकीतून हात हलवला. टाळ्या वाजल्या. नारळ फुटला, त्याचं पाणी माझ्या पंखावर सांडलं. मला फार अभिमान वाटला. आज त्या अभिमानाचीच लाज वाटते.

कापलेले पत्रे माझ्या मागच्या बाजूला टेकवून ठेवले. त्यांच्याआड गवत वाढलं.

पुन्हा दार

मग तुकड्या येऊ लागल्या. महाडची, पोलादपूरची, वरच्या वाड्यांतली मुलंमुली. माझ्या खाली डिझेल पेटवायचे. माझं पोट काळ्या धुरानं भरायचं. बंब धावत यायचा, ज्वाळांवर फोमची पांढरी गोधडी पसरायचा. मग तोंडावर मुखवटा आणि पाठीवर हवेचा सिलिंडर घेतलेला एकेक जण आत शिरायचा आणि धोंडूला बाहेर ओढायचा. धोंडू म्हणजे जुन्या डगल्यात वाळू भरलेला बाहुला. सगळ्यांनी शिव्या त्यालाच दिल्या.

कोणीही दारात अडकलं नाही. सगळे पास. वर्तमानपत्रात शाळेचं कौतुक आलं. सहलीची मुलं वाट वाकडी करून मला बघायला यायची. "हे कुठं पडलं होतं?" असं विचारायची. मला वर मान करवायची नाही.

कधीतरी दत्तोपंत माझ्यासमोर थबकायचे.

"मुरारी, ते पत्रे लावायचे राहिलेत रे."

"लावू की सर. ही तुकडी जाऊ दे."

ती तुकडी जायची. दुसरी यायची.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. की नसते? खरं सांगू, मित्रांनो, माझ्यातून सगळे सहज आत-बाहेर जात होते, ते मला आवडत होतं.

वर्ग

वर्ग माझ्या पंखाच्या सावलीत भरायचा. या वर्षीच्या तुकडीत पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली दर्शना होती. दत्तोपंत सांगत होते, "विमान जेवढं लांब-रुंद, तेवढी विमानतळावर बंबांची तयारी मोठी. लहान विमानाला एक बंब, मोजकी माणसं. नियम तसा आहे."

दर्शनानं हात वर केला. "सर, आत बसलेला मानूस तर तेवढाच असतो ना? का तो पन लहान?"

"नियम विमानाच्या मापावर आहे, बाळ."

"मंजे आमच्या वाडीसारकं. घरं थोडी, म्हून रस्ता अर्धा."

सगळे हसले. दत्तोपंतही हसले, पण मग गंभीर झाले. "म्हणूनच लहान ठिकाणी तुम्ही चुकायचं नाही. तिथं तुमच्यामागं दुसरं कोणी उभं नसतं."

हे ते माझ्या रुंद दारासमोर उभे राहून सांगत होते.

सार्थक

सार्थक दर्शनाच्याच वाडीतला, आधीच्या तुकडीत पहिला आलेला. दूरच्या जिल्ह्यात एका लहान धावपट्टीवर त्याला नोकरी लागली होती. वाडीनं त्याला खांद्यावर घेतलं होतं. तो एका दुपारी बॅग घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दर्शना धावत आली.

"कवा आलास रे? सुट्टी हाय?"

"काडला मला."

"काय केलंस?"

"सराव होता. आग नव्हती, नुसता सराव. खऱ्या विमानात शिरायचं व्हतं. सिलिंडर दारात अडकला. मी ना आत, ना भायेर. लोक हसत व्हते, गो. येकजन बोलला, याला तेल लावा."

दर्शना हसली नाही. सार्थकनं दोन्ही हात पसरून माझं दार मोजलं. मग हात जवळ आणून खऱ्या दाराचं माप दाखवलं. 

मित्रांनो, आजवर मी कितीदा पेटले. त्या दुपारी मी पेटलेली नव्हते, तरी अंगाची आग होत होती.

मागे दत्तोपंत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सार्थक वळला. "सर, तुमाला म्हाईत व्हतं?"

"होतं," दत्तोपंत म्हणाले. "रोज उद्यावर टाकत गेलो."

दर्शना म्हणाली, "सर, माजी परीक्षा खऱ्या मापाच्या दारातनं घ्या."

"परवा आहे परीक्षा. अडकलीस तर नापास, मग मिळणारी नोकरी गेली. बाकीच्यांनी रुंद दारातून सराव केलाय, तूही त्यातूनच जा. पुढच्या तुकडीपासून आपण..."

"पुडच्या तुकडीपासून," ती म्हणाली. "ह्येच मुरारीदादा बोलतो ना?"

त्याच संध्याकाळी गवतातून पत्रे निघाले. गंज चढला होता. मुरारी मान खाली घालून वेल्डिंग करत होता. खूप दुखलं. बरं वाटलं.

दार, तिसऱ्यांदा

दर्शनाची आई, मैना, लेकीची परीक्षा बघायला वाडीतून उतरली होती. कुंपणाला धरून उभी होती. मी पेटले. फोम पडला. दर्शना धावत आली आणि दारात अडकली.

सिलिंडर माझ्या पत्र्यावर आपटला. ती ढकलत होती. मला वाटलं, थोडं वाकावं, थोडं फाटावं. पण लोखंडाला ते जमत नाही, आणि त्या दिवशी जमलं असतं तरी करायचं नव्हतं. ती मागे सरली. मुखवटा तोंडावरच ठेवून तिनं एक पट्टा सैल केला, सिलिंडर पाठीवरून बगलेशी आणला, कुशीवर वळली आणि आत आली.

आत धूर. ती चाचपडत होती. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली.

"वेळ संपली! दर्शना, बाहेर ये!"

ती आली नाही. बाकाखाली हात घातला, धोंडूची बगल धरली. ओढलं. दारात पुन्हा अडकली, पुन्हा वळली. आधी ती निघाली, मग धोंडू. दोघं फोमात पडले.

"नापास," दत्तोपंत हळूच म्हणाले. मग खिशातून फोन काढून बाजूला गेले. आधी पास झालेल्यांना ते एकेक करून फोन लावत होते. "तुला शिकवताना माझं चुकलं. परत ये. हो, परीक्षा पुन्हा द्यावी लागेल." प्रत्येक वेळी ते हेच म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी आवाज आणखी खाली जात होता.

मैना कुंपणाच्या आत आली. "काय गो, झालीस पास?"

"नाय."

"मंग ह्ये काय वडून आनलंस?"

"मानूस."

मैनानं धोंडूकडे बघितलं. पदर खोचला. "उनात काय टाकलाव त्येला? धर पाय." मायलेकींनी त्याला उचलून माझ्या पंखाच्या सावलीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं असेल. पाहुणे येणार म्हणून त्याला चकचकीत पुसू नका. त्यातून काही बाहेर येतं का, ते मोठ्यांना करून दाखवायला सांगा. आम्हा वस्तूंची काळजी म्हणजे आमच्यावर रंग फासणं नव्हे. आम्हाला खोटं बोलायला लावू नका.

पुढच्या महिन्यात दर्शना पुन्हा येणार आहे, सार्थकही. दोघंही घाबरलेली आहेत. त्यांची कीव येऊन कोणी माझं दार रुंद करू नका.