पुंडलिकदादाच्या शेंगा

"काय चाललंय हल्ली?" असं हैबतरावाला कुणी विचारायची खोटी, तो आधी घसा खाकरायचा, कॉलर सारखी करायचा आणि म्हणायचा, "काय नाय, मुलीचं बुटीक हॉटेल हाय ना, त्यातच दिवस जातो." बुटीक हा शब्द तो तोंडात पेढा घोळवावा तसा घोळवायचा. निडी गावातल्या बायकांना हा शब्द ठाऊक होता तो रोह्यातल्या ब्लाउज शिवायच्या दुकानापुरता. वरसे गावची हौसाआत्या तर उद्घाटनाला दोन ब्लाउजपीस काखोटीला मारूनच आली. हैबतरावाने तिला सगळ्या सहा खोल्या फिरवून दाखवल्या. शेवटी आत्या म्हणाली, "खोल्या झ्याक हायत रं, पण मशीन कुठं हाय?" गाव आठवडाभर हसला.

हसू दे. हैबतरावाला त्याचं काही नव्हतं. कंपनीत शिफ्ट करून करून पाठीचा काटा ढिला झालेला माणूस तो. त्याची एकुलती एक सरू मुंबईच्या मोठ्या हॉटेलात शिकून साहेबीण झाली. तिने ती नोकरी सोडली आणि बापाच्या जुन्या खळ्यावर स्वतःचं हॉटेल बांधलं. नावही ठेवलं 'खळं'. खोल्यांना नंबर नाहीत, शेतांची नावं. पायाचा दगड हैबतरावाने स्वतः बसवला होता. त्याची छाती फुगणार नाही तर कुणाची?

एकच सल होता. सख्खा चुलतभाऊ पुंडलिकदादा उद्घाटनाला आला नव्हता. शेजारी घर, बांधाला बांध, आणि हा पठ्ठ्या दिवसभर ओट्यावर पाय पसरून बसला. वर देवळात सगळ्यांसमोर म्हणाला, "निडीत कोण येतंय राहायला? शिमग्यापर्यंत कुलूप लागंल." हैबतरावाने ते ऐकलं आणि गिळलं. आता घरी बोलवायला जायचं तर मानपान आडवा येत होता.

आणि पौषात पहिले पाहुणे आले. नागपूरचे बोधनकर साहेब आणि त्यांच्या पत्नी निर्मलाबाई. साहेब निवृत्त न्यायाधीश. ताठ मान, पांढऱ्या मिशा, चहात साखर नाही आणि बोलण्यातही बेताचीच. लग्नाच्या वाढदिवसाला लेकीने त्यांना इथे पाठवलं होतं. सरूने आदल्या रात्रीच बापाला बजावलं, "बाबा, हे पहिले पाहुणे हायत. हे खूश होऊन गेले तर चार जणांना सांगतील. तोंड वाकडं करून गेले तर पुंडलिककाका म्हणतात तेच खरं होईल. मला परत मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या हॉटेलात उभं राहावं लागेल."

"तू बिनघोर ऱ्हा गो," हैबतराव म्हणाला.

सुरुवात तर छान झाली. सकाळी साहेबांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. निर्मलाबाईंना अंगणातली बाज इतकी आवडली, की आतली गादी सोडून त्या बाजेवरच पुस्तक वाचत पडल्या. संध्याकाळी पोपटी करायची ठरली होती. रायगड जिल्ह्यात थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरतात, भांबुर्ड्याचा पाला खालीवर कोंबतात, मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही आणि चव अशी, की बोटं चाटता चाटता बोट खावं. सरू केक आणायला रोह्याला निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, पाहुण्यांना शेंगा तोडायला घेऊन जा. त्यांना तो अनुभव हवाय."

आता बघा, घोटाळा कुठे झाला. हॉटेलच्या मागेच हैबतरावाचा स्वतःचा वाल होता, शेंगांनी लगडलेला. सरूला वाटलं, बाबा तिथे नेतील. पण घरच्या शेंगांची पोपटी कुणी करतं का? जन्मात कुणी केली नव्हती. पोपटीच्या शेंगा चोरायच्याच असतात. ज्याच्या शेतातून चोरल्या तो बोंब मारत मागे लागतो, चोर पळतात, आणि मग तोच मालक पोपटीला येतो. मडकं उघडायचा पहिला मान त्याचा. हे लहानपणापासून चालत आलेलं. हे कुणाला समजावून सांगायचं असतं, हे हैबतरावाच्या स्वप्नातही नव्हतं. जेवायला बसलेल्या माणसाला घास तोंडात घाल म्हणून सांगतात का?

तो पाहुण्यांना घेऊन स्वतःचा वाल ओलांडून थेट पुंडलिकदादाच्या बांधावर गेला. दुसऱ्याही शेतात जाता आलं असतं, पण मनात एक होतं. तोंडाने बोलवता येत नाही ना, मग असं बोलवू.

"हे शेत तुमचंच ना?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"आपलंच म्हणा," हैबतराव म्हणाला.

साहेब उकिडवे बसून शेंगा तोडू लागले. बाईंनी पदराची ओटी केली. ओटी भरत आली तोच पलीकडून आवाज फुटला, "कोण हाय रं तिकडं? हैबत्या, चोरा! थांब, तंगडंच मोडतो!" पुंडलिकदादा काठी परजत धावत येत होता.

"पळा साहेब, पळा!" हैबतराव खदाखदा हसत ओरडला.

साहेब पळाले. काय करणार? समोर काठी होती. बांधावर त्यांची एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. हॉटेलच्या अंगणात पोचले तेव्हा हैबतराव हसून हसून वाकला होता आणि साहेब एका चपलेवर ताठ उभे होते. हसत नव्हते.

"ते शेत तुमचं नव्हतं?"

"नाय ना! माझ्या भावाचं."

"म्हणजे आपण चोरी केली." साहेबांचा आवाज एकदम थंड झाला. "आयुष्यभर मी चोरांना शिक्षा दिल्या, हैबतराव. आणि आज या वयात तुम्ही मला चोर म्हणून पळवलंत. गाडी बोलवा. आम्ही निघतो."

हैबतरावाचं हसू जागच्या जागी विरलं. तो हात जोडून सांगायला लागला, की साहेब, ही रीत हाय, मालकाला राग येत नाय, मालक स्वतः येतो खायला. पण जितकं सांगावं तितकं ते चोराने केलेल्या बतावणीसारखंच वाटत होतं. तेवढ्यात सरू केकचा डबा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं. तोंडाने एवढंच म्हणाली, "बाबा, काय केलंत हो हे?" ती रडली नाही, ओरडली नाही. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं हैबतरावाला वाटलं.

साहेब म्हणाले, "मालक येतो म्हणता ना? येऊ द्या. मी त्यांची माफी मागेन, नुकसान भरून देईन, मग जाईन."

घ्या! आता सगळं पुंडलिकदादावर येऊन ठेपलं. पुंडलिक आला तर ती पोपटी. नाही आला तर ती चोरी. आणि हा पुंडलिक असा, की हॉटेलच्या फाटकाला त्याने अजून पायही लावला नव्हता.

मालूने, हैबतरावाच्या बायकोने, नवऱ्याने टॉवेलात बांधून आणलेल्या शेंगांनी मडकं भरून उपडं घातलं होतं. ती म्हणाली, "अवो, पेटवू का?" हैबतरावाने स्वतःच काडी लावली. पेंढा भडभडून पेटला. तो जाळासमोर बसला आणि फाटकाकडे बघत राहिला. आतून साहेबांच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. आपल्या हाताने आपण लेकीच्या पोटावर पाय दिला, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. धुराने आले म्हणावं, तर वारा उलट्या दिशेचा होता.

दिवस मावळला. गाडी आली. ड्रायव्हरने बॅगा उचलल्या आणि साहेब पायरी उतरले. निर्मलाबाई मागून आल्या, ओटी अजून तशीच धरून. "या शेंगा परत कुणाला देऊ?" त्या म्हणाल्या. मग हळूच, साहेबांना ऐकू जाणार नाही असं सरूला म्हणाल्या, "खरं सांगू? मला फार मजा आली गं."

आणि फाटक वाजलं.

पुंडलिकदादा! इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात साहेबांची धुऊन पुसलेली चप्पल.

"कुणी चोरल्या माझ्या शेंगा?" तो गरजला.

बोधनकर साहेब पुढे झाले आणि ताठ उभे राहिले. "मी. मी गुन्हेगार आहे. तुमचं काय नुकसान झालं ते सांगा, मी भरून देतो."

पुंडलिकदादाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मागून नेल्या असत्या तं पैसे घेतले असते," तो म्हणाला. "चोरलेल्या शेंगांचे पैसे घेतो का कुणी? पोपटी नासवायची हाय काय? घाला ती चप्पल. आणि ते मडकं कुणी उघडलं तं नाय ना? पहिला हात माझा हाय."

त्याने ओंजळभर पाणी घेतलं आणि तापलेल्या मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं, पाणी उडून गेलं. "झाली," तो म्हणाला. मडकं सुलटं करून त्याने पाला ओढला, तशी वाफ अंगणभर पसरली. पहिली शेंग त्याने सोलली, फुंकर घातली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. "खा. तुम्ही पळालात झकास. ह्या हैबत्याला तं पळता येत नाय, नुसता दात काढतो."

साहेबांनी शेंग खाल्ली. मग दुसरी घेतली. मग न विचारता सतरंजीवर मांडी घालून बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बॅगा आत ठेव बाबा." मिशीखाली हसू फुटलं होतं, ते त्यांना दाबता आलं नाही.

हैबतराव भावाजवळ सरकला. "दादा, उद्घाटनाला का नाय आलास?"

"कसा येणार?" पुंडलिकदादा फणकारला. "मोबाइलवर पत्रिका पाठवलीस. साऱ्या जगाला पाठवलीस तीच मला. मी काय जग हाय? शेजारच्या भावाला आवतण द्यायला पाय झिजले असते का तुझे?" मग आवाज उतरला. "आज म्हातारा होऊन माझ्या शेतात चोरी करायला आलास, तेव्हा म्हटलं, आला बघ आवतण द्यायला."

 हैबतरावाने भावाचा गुडघा दाबला.

गाडीवाल्याने जाता जाता विचारलं, "दादा, हे कुणाचं हॉटेल हो?" हैबतरावाने घसा खाकरला, कॉलरला हात घातला, पण पुंडलिकदादाने त्याच्या आधी आवाज चढवला.

"आमच्या सरूचं. बुटीक हॉटेल हाय. ब्लाउज नाय शिवत इथं, रोह्यात सांग सगळ्यांना."

सरू आता रडली, हसता हसता.

पुढच्या हंगामात पुंडलिकदादाने बांधाकडेला वालाचे दोन वाफे जास्त पेरले. एवढा वाल कशाला, असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "ते माझे नायत. हॉटेलच्या चोरांचे हायत." आणि शुक्रवार उजाडला की फाटकात उभा राहून विचारायचा, "सरू गो, पाहुणे किती वाजता चोरी करणार हायत? सदरा इस्त्रीला द्यायचा हाय."