फेब्रुवारीतली छाटणी

एल्टनने छाटलेली फांदी बर्फात टाकली आणि मग तिच्या टोकाकडे पाहिलं. दोन टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या, जोडीने बसलेल्या. हात थांबला. फेब्रुवारीत छाटायच्या हायड्रेंजियाची रांग मागेच संपली होती. तो लायलॅक कापत होता. अर्धं झुडूप एव्हाना गुडघ्याएवढं उरलं होतं.

मेमध्ये उमलणारी लायलॅक आपल्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरते. ती फुलून गेल्यावरच छाटायची. गावच्या वाचनालयात छाटणीचा वर्ग घेताना पंधरा हिवाळे तो हे सांगत आला होता.

झुडूप शेजारणीचं, थेडाचं. त्याने तिच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. मग त्याने उरलेलं अर्धंही त्याच उंचीला आणलं, सफाईने.

थेडा काठी टेकत बाहेर आली तेव्हा तो फांद्या ताडपत्रीत बांधत होता.

"अरे, लायलॅकसुद्धा भादरलीस?"

"जुनी झाली होती. आता जोर धरेल."

"तू म्हणतोस म्हणजे धरेल, मास्तर. मग यंदा मेअखेरीस, मेमोरियल डेला, रॉयसच्या थडग्यावर हिचीच दोन बरण्या फुलं नेईन. माझा नवरा तो, एकाच बरणीवर कुरकुरत असेल इतकी वर्षं."

एल्टनने ताडपत्रीची गाठ सोडून पुन्हा बांधली. तिने आणलेला सफरचंदाचा केक तो नको म्हणाला. तिने तो त्याच्या गाडीत ठेवलाच.

शनिवारी वर्गाला अकरा जण होते. थेडा पहिल्या रांगेत, मांडीवर वही. एल्टन हायड्रेंजियावर बोलला, गुलाबावर जरा जास्तच बोलला.

मागून कुणीतरी विचारलंच, "आणि लायलॅक?"

"फुलून गेल्यावर. जूनमध्ये."

थेडाने लिहून घेतलं. लिहिलेलं पुन्हा वाचलं. पेनाला टोपण लावलं.

"आणि कुणी चुकून फेब्रुवारीत कापली तर?" तिने वहीकडेच बघत विचारलं.

'चुकून' हा शब्द तिने त्याच्यासाठीच पुढे ठेवला होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चुकून अर्धीच कापली," एल्टन म्हणाला. "उरलेली, चूक दिसू नये म्हणून."



"म्हणजे अर्धी फुलली असती," थेडा म्हणाली.

"हो."