मागच्याचा आकडा

तिने एकशे बारावी ओळ पुन्हा वाचली आणि खुर्ची मागे न सरकवताच उभी राहिली. गुडघा टेबलावर आपटला.

स्क्रिप्ट, म्हणजे हे काम करणारा छोटा प्रोग्राम, तिनेच लिहिली होती. प्रयोगशाळेच्या फाइलमधून एकेका रुग्णाच्या रक्ताचा आकडा व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, पाठवायच्या फाइलमध्ये त्याच्या नावापुढे बसवायचा आणि यकृताच्या प्रतीक्षायादीकडे पाठवायचा. आकडा जितका मोठा, तितका रुग्ण यादीत वर. पण रकाना कोरा असला तर व्हेरिएबल आधी रिकामं करायला हवं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मागच्या रुग्णाचा आकडा तसाच राहून पुढच्याच्या नावावर जायचा.

आजच्या फाइलमध्ये कोरा रकाना एकच होता. बाबांचा. त्यांचं रक्त नळीतच गोठलं होतं, म्हणून तपासणीच झाली नव्हती. त्यांच्या आधीच्या बाईंचा आकडा अडतीस, म्हणून बाबांचाही अडतीस. सकाळपासून ते यादीत दुसरे होते. घरी आईने हॉस्पिटलची बॅग भरली होती आणि काकाने गाडीची टाकी.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, वय एकोणचाळीस असूनही, सगळे आजोबा म्हणत. त्याने स्क्रीन पाहिली, चष्मा काढून पुसला. सोमवारी नवं रक्त घेतील, खरा आकडा येईल, चूक आपोआप मिटेल, असं काहीसं पुटपुटला आणि चहाला गेला. तुला आणू का, हे आज त्याने विचारलं नाही.

यादीत तिसऱ्या नावापुढे छत्तीस होतं. वय चोवीस.

तिने एक ओळ वाढवली: आकडा नसेल तर जागा कोरीच पाठव. बाबांचा मागचा आकडा, एकोणतीस, हाताने भरायची सोय होती. पण यादी सात दिवसांपेक्षा जुना आकडा घेत नसे, आणि तो आठ दिवसांचा होता. आकडा नसलेलं नाव यादीच्या तळाशी जायचं.

फोन वाजला.

"बाळा, चार्जरपण टाकलाय बॅगेत," बाबा म्हणाले. "एक सांग. मी दुसरा आलो, मग काल जो दुसरा होता, त्याचं काय झालं?"

"का हो, बाबा?"

"काही नाही. आई म्हणते, बरा झाला असेल."

तिने फोन खांद्याने कानाशी धरला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. यादी नव्याने उमटली. बाबांचं नाव शोधत ती खाली गेली, आणखी खाली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"आहे तो," ती म्हणाली. "तिथेच आहे."

 पलीकडून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. लावली की उघडली, ते कळलं नाही.