ढब्बू पाणी पितो का?

घोरपड आखातातल्या मंगफच्या फ्लॅटमध्ये आली आणि शशिकांतला कोडं पडलं, की ही बया पाणी पिते कशी? तो कामाला होता त्या प्लांटवरच्या तेलकट खड्ड्यात अडकलेली ती त्यानंच वर काढली होती. सावरली, की वाळवंटात सोडायची. पण तोवर जगायला तर हवी.

त्यानं प्लांटच्या गेटवरच्या म्हाताऱ्या बदू पहारेकऱ्याला विचारलं. घोरपडीला अरबीत काय म्हणतात कुणास ठाऊक, म्हणून हातानं लांबी दाखवली, सरपटण्याची नक्कल केली. म्हातारा हसून म्हणाला, तो तर ढब. ढब पाण्याला तोंड लावत नाही, पाल्यावर भागवतो.

वाळवंटात हयात घालवलेल्याचा शब्द! शशिकांतनं मोरीत ठेवलेल्या घोरपडीपुढचं पाण्याचं ताट उचलून कोबीचा पाला ठेवला. लेकीनं, जुईलीनं, बारसंही उरकलं. ढब म्हणून ढब्बू. ढब्बूनं पाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसेंदिवस तो ओल्या पोतेऱ्यासारखा लोळागोळा होत गेला. डोळे खोल गेले, तोंडात चिकट तार दिसू लागली.

त्याची बायको सुचित्रा हॉस्पिटलातून ड्यूटी करून आली, ती पर्स खांद्यावर ठेवूनच मोरीत वाकली. ढब्बूच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी.

"अहो, पाणी तोडलंत का याचं?"

ढब पाणी पीत नाही, असं शशिकांत चाचरत सांगू लागला.

"आमच्या वॉर्डात पोर असं आलं तर आधी पाणी देतो, मग जात विचारतो."

शशिकांतनं गेटवर फोन लावला. म्हाताऱ्यानं शेपटी विचारली. काटेरी, जाडजूड? नाही, चाबकासारखी. जीभ? सापासारखी, दुभंगलेली.

"मग तो ढब नव्हे, वरल रे बाबा. त्याला पाणी दे."

जुईली धावत निळा नळ सोडायला गेली, तर सुचित्रानं तिचा हात धरला. उन्हाळ्यात निळ्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं चटका देणारं पाणी येई. गीझर बंद ठेवायचा आणि त्यात निवलेलं पाणी लाल नळानं घ्यायचं, ही तिकडची घरोघरची रीत. लाल नळाचं कोमट पाणी टबात ढब्बूच्या बगलेपर्यंत येईल एवढं भरलं आणि त्याला त्यात अलगद ठेवलं.

बराच वेळ तो दगडासारखा पडून राहिला. तिघंही उंबऱ्यावर टक लावून बसले. मग त्यानं तोंड डोळ्यांपर्यंत पाण्यात बुडवलं. गळ्याची पिशवी हलली, थांबली, पुन्हा हलली.

"बाबा, ही इज ड्रिंकिंग," जुईली कुजबुजली.

पुढे रोज पाणी बदलायचं, टबात ठेवायचं आणि नजर हलवायची नाही. सुचित्रा येताजाता चिमटा काढून बघे. घडी उभी राही, मग हळूहळू बसू लागली. एके दिवशी तर लगेच बसली. त्या दिवशी शशिकांत टब उचलायला वाकला आणि ढब्बूची शेपटी सप्पकन त्याच्या पोटरीवर बसली.

पोटरी चोळत तो खुशीत म्हणाला, "काटे नाहीत. म्हातारा खरं बोलला, वरलच आहे."