हिरवं की नारिंगी

बॉनेटमधून वाफ सोडत एक गाडी वर्कशॉपच्या दारात येऊन थांबली आणि तिच्यातून दादा उतरला. ताईच्या हातातला पाना हातातच राहिला. तशी ती दादाची धाकटी बहीण, पण सगळी गिऱ्हाइकं तिला ताईच म्हणत. दादाला हे वर्कशॉप कुणाचं ते माहीत असतं तर तो वाफेसकट पुढे गेला असता. पण गाडीला कुठे नाक असतं? ती थांबली ती नेमकी इथेच.

अकरा वर्षं ताईने या माणसावर डूख धरला होता. बाबांच्या गॅरेजात तेव्हा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, मोठ्या पिंपातून सारख्याच पांढऱ्या डब्यांत काढून ठेवायची रीत होती. डब्यांवर लेबल नाही. "वाकून बघा, रंग दिसतो की! लेबलाची काय पूजा करायचीय?" असं बाबा म्हणत. एके दिवशी एका नव्याकोऱ्या टॅक्सीच्या नारिंगी कूलंटमध्ये कुणीतरी हिरवं ओतलं. ही दोन एकत्र नांदत नाहीत. आत चिकट गाळ झाला, रेडिएटर तुंबला आणि महिन्याभरात भर चढावर इंजिन जाम. टॅक्सीवाला बोंब मारत आला, तेव्हा दादाने चारचौघांत तिच्याकडे बोट दाखवलं. "पोरीला हिरवं-नारिंगी कळत नाही," तो म्हणाला.

बाबांनी तिला एक शब्द विचारला नाही. हातातला पाना काढून घेतला आणि घरी जा म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी! गॅरेजांच्या त्या बाजारात पुढे कुणी तिला कामावर ठेवलं नाही, म्हणून ती शहराच्या या टोकाला आली आणि कणाकणाने हे वर्कशॉप उभं केलं. बाबांचं गॅरेज तिला नको होतं. हवं होतं एकच: दादाने बाबांच्या कानावर जाईल असं कबूल करावं. आणि आज मागच्या सीटवर, गुडघ्यांमध्ये काठी धरून, बाबा बसले होते.

दादाने तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. काहीतरी करायला हवं म्हणून तो बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे हात नेऊ लागला.

"हात लावू नकोस, भाजशील," ती म्हणाली.

लावू द्यावा, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. पण भाजलेला माणूस नुसता ओरडतो, कबुली देत नाही.

इंजिन निवेपर्यंत अर्धा तास गेला. बाकावर शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि एक डॉक्टरीणबाई आपापल्या गाड्यांची वाट बघत बसली होती. ताईने शोध घेतला: एका पाइपाची पट्टी ढिली होऊन कूलंट गळून गेलं होतं. तिने पट्टी आवळली. टाकीत खालच्या खुणेच्याही खाली, तळाशी थोडंसं नारिंगी उरलं होतं. नुसत्या रंगावर जाऊ नये, गाडीचं पुस्तक बघावं, असं ती सगळ्यांना सांगते. पुस्तकातही तेच लिहिलं होतं.

यात हिरवं ओतावं, हा विचार तिला गोड लागला; खोटं कशाला बोला? महिन्याभरात कुठल्याशा चढावर दादाची गाडी मान टाकेल आणि उट्टं निघेल. पण मग तो हेच म्हणणार, की बघा, तिला रंग कळतच नाहीत. नाही, हे तोंड त्याचंच उघडायला हवं होतं.

तिने दोन सारख्या काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत हिरवं ओतलं, दुसरीत नारिंगी, आणि दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"दादा, तूच निवड," ती बाकावरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला बाई रंग कळत नाहीत. तूच सांगितलं होतंस ना सगळ्या बाजाराला?"

"घाल ना कुठलंतरी योग्य ते. उशीर होतोय."

"योग्य कुठलं? नारिंगी पाहिजे, तेवढं तर माहितीये ना? मग दे उचलून."

दादा बरण्यांकडे बघत राहिला. त्याने एक उचलली, उजेडात धरली, वास घेतला, परत ठेवली. मग दुसरी उचलून तिच्यापुढे केली. ती हिरवी होती. बसड्रायव्हर हसला. त्याला वाटलं, भावाबहिणीची थट्टा चाललीय.

ताईलाही आधी तसंच वाटलं. पण दादा बरणी पुढे धरून तिच्याच चेहऱ्याकडे बघत होता, बरोबर की चूक ते तिथे वाचायला.

"तुला दिसत नाहीत," ती हळूच म्हणाली.

"दोन्ही सारखीच दिसतात. लहानपणापासून." त्याने मान खाली घातली. "लेबल असलं की चालतं माझं. त्या डब्यांवर नव्हतं."

"मग टॅक्सीत कुणी ओतलं? मोठ्याने बोल."

"मी ओतलं. मीच ओतलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. ताई गाडीच्या उघड्या खिडकीपाशी गेली.

"ऐकलंत बाबा? काय म्हणाला तो?"

बाबांनी काठीवरची नजर उचलली नाही.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी. त्याच्या डोळ्यांचं मला आधीपासून माहीत होतं."

"आणि पाना माझ्या हातातून काढलात?"

"तुझा हात चांगला होता. तू कुठेही पोट भरलं असतंस. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर त्याच्याकडे कोण गाडी लावणार होतं?"

अकरा वर्षं ताईने चुकीच्या माणसाला पाण्यात पाहिलं होतं. निदान अर्ध्या चुकीच्या. दादा तरी घाबरून खोटं बोलला होता. बाबांनी मात्र शांतपणे, हिशेब करून तिला विकलं होतं.

ती परत आली. नारिंगी बरणी उचलली, वरच्या खुणेपर्यंत थेंबही न सांडता ओतली, झाकण घट्ट लावलं. इंजिन चालू करून पट्टीवरून बोट फिरवलं. कोरडी होती. काम तिने चोख केलं. मग हात पुसले आणि दिवसभरात येणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तितक्याच गोडीने खिडकीत वाकली.

"झालं, काका. गाडी तयार आहे."

बाबांच्या हातून काठी निसटली. त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे मान वर करून बघितलं.

"बाळ, अगं मी..."

"पुढची गाडी आत घ्यायचीय, काका," ती म्हणाली. "जरा जागा करून द्या."