पाहणीपुरता अबोला

जावा म्हटल्यावर भांडणारच, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पाहणीवाल्या बाईंनीही लगेच विश्वास ठेवला.

आईला हुन्नर शिकवला तर गरीब घरातल्या मुलांचं भलं होतं का, हे बाईंच्या संस्थेला शोधायचंय. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या खोलीतल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंची निघाली आणि त्या मिक्सर, इस्त्री दुरुस्त करायला शिकू लागल्या. माझी निघाली नाही. मला आहे तसंच ठेवून माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा ताडून बघायचे होते. शिकलेलं मला दाखवायचं नाही, दाखवलं तर जाऊबाईंचं नाव कापणार, अशी अट. जाऊबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला.

"तू हात चोळत बसणार आणि मी काय डोंबल शिकू?" म्हणाल्या.

आता गल्लीतल्या इस्त्र्या माझ्याकडेही येतात. पण बाई आल्या की आमचा अबोला. दार आपटायचं, नाक मुरडायचं. खरं सांगते, मला मजाच यायची. अडचण एकच, माझी चिमणी. तिचा सगळा जीव काकूत. तिला बजावून ठेवलं होतं, "बाई असल्या की काकूकडे जायचं नाही. गेलीस तर काकूचा क्लास बंद."

आज बाई माझ्या दारात खुर्ची टाकून प्रश्न विचारत होत्या. चिमणी गॅलरीत पळता पळता नेमकी जाऊबाईंच्या दारासमोर आपटली. हनुवटी फुटली, रक्त आलं. तिनं दोन्ही हात वर केले, "का..." एवढं म्हणाली, आणि बाईंकडे बघून तोंड गच्च मिटलं. जाऊबाई अर्ध्या उठल्या. मी डोळे वटारले. हो, मीच. त्या परत खाली बसल्या. चिमणी उठली आणि फ्रॉकनं रक्त टिपत माझ्याकडे चालत आली.

"काय हो या!" बाई हळूच म्हणाल्या. "लेकराला उचललंसुद्धा नाही."

"तसल्याच आहेत त्या," मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

बाईंनी स्वतः जखम धुतली, चिमणीचे लाड केले. पोर किती समजूतदार आहे, असं दोनदा म्हणाल्या. त्यांची माया खरी होती, म्हणून जास्तच लाज वाटली.

त्या जिना उतरल्या न उतरल्या तोच जाऊबाई धावत आल्या. चिमणीला कवटाळून ढसाढसा रडायला लागल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. चिमणी मात्र त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होती.

"आई, मी रडले पण नाही. बरोबर केलं ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण क्लास अजून संपला नव्हता, बाई पुढच्या महिन्यात परत येणार होत्या.

"हो," मी म्हणाले.